तळ्याचा तळ वर आला: समोसिर बेट आणि भीमेच्या खोऱ्यातली राख

मोरगाव कऱ्हेच्या काठावर आहे, हे अष्टविनायक केलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. त्याच काठच्या जुन्या गाळात पिठासारखा फिकट थर आहे, हे मात्र फार थोड्यांना माहीत असतं. असाच थर जुन्नर तालुक्यात बोरी गावाजवळ कुकडीच्या काठीही दिसतो. ही ज्वालामुखीची राख आहे. आपल्या दख्खनच्या लाव्हाशी तिचा काही संबंध नाही. तो लाव्हा ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा आणि हा गाळ त्यामानाने अगदी कालपरवाचा. राखेच्या काचकणांची रासायनिक तपासणी झाली तेव्हा तिचा पत्ता लागला सोलापूरपासून सुमारे ३,००० किलोमीटरवर, इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीत.

कुकडी घोडला मिळते, घोड भीमेला. कऱ्हा नीरेला मिळते आणि नीरा नरसिंगपूरला भीमेत येते. म्हणजे उजनीत अडणारं पाणी असो की पंढरपूरच्या वाळवंटाला वळसा घालणारं, या राखेच्या शेजारून आलेलं थोडं तरी पाणी त्यात असतंच. आणि ज्या तोंडातून ती राख उडाली, तिथे आज एक प्रचंड तळं आहे. त्या तळ्यात मुंबई शहर आणि उपनगरं मिळून होतात त्याहूनही मोठं एक बेट आहे. त्याचं नाव समोसिर.

सोलापुरात तळ्यातलं बेट म्हटलं की सिद्धेश्वर तळ्याच्या पाण्यात उभं असलेलं देऊळ डोळ्यांसमोर येतं. थोडं लांब गेलं तर उजनीच्या फुगवट्यात डोकं वर काढून राहिलेले उंचवटे. उजनीतली बेटं समजायला सोपी आहेत. जमीन आधीच होती, पाणी नंतर चढलं, उंच भाग तेवढा कोरडा राहिला. कॅनडातलं रेने-लव्हासर हे २,०२० चौरस किलोमीटरचं बेट असंच धरणाच्या पाण्याने वेढलं गेलं. निकाराग्वातलं ओमेतेपे वेगळं, तिथे दोन ज्वालामुखी तळ्यातूनच वर वाढले. जगातलं सर्वांत मोठं तळ्यातलं बेट म्हणजे कॅनडातल्या ह्युरॉन सरोवरातलं मॅनिटूलिन, २,७६६ चौरस किलोमीटरचं. समोसिर सुमारे ६३० चौरस किलोमीटरचं, म्हणजे सोलापूर महापालिकेच्या हद्दीच्या साडेतीन पट. पण ते वरच्या कुठल्याच पठडीत बसत नाही. समोसिर म्हणजे तळ्याचा तळच. तो खालून ढकलला जाऊन पाण्याबाहेर आला.

आधी तळ्याचा आवाका. टोबा सुमारे १०० किलोमीटर लांब आणि ३० किलोमीटर रुंद आहे. पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे ९०५ मीटर, म्हणजे सोलापूरच्या जवळपास दुप्पट उंचीवर. सर्वाधिक खोली सुमारे ५०५ मीटर. उजनीची भिंत ५६.४ मीटर उंच आहे, तशा नऊ भिंती एकावर एक रचल्या तर तळापासून वर येता येईल. पाणी सुमारे २४० घन किलोमीटर. आपण धरणं टीएमसीत मोजतो, म्हणून त्याच भाषेत सांगायचं तर साधारण ८,५०० टीएमसी. उजनी मृतसाठ्यासह काठोकाठ भरते तेव्हा त्यात ११७ टीएमसी पाणी असतं. टोबात अशा ७२ उजनी मावतात.

आता उद्रेक. सुमात्राच्या पश्चिमेला समुद्रतळाचा कवच-पट्टा बेटाखाली सरकतो आहे. भारत ज्यावर बसला आहे त्याच भारतीय-ऑस्ट्रेलियन पट्ट्याचा तो पूर्वेकडचा भाग. खाली जाताना तो सोबत पाणी घेऊन जातो. ते पाणी वरच्या तप्त खडकात मिसळलं की खडक वितळायला लागतो. हा रस वर येता येता घट्ट होत जातो, कारण त्यातलं सिलिकाचं प्रमाण वाढत जातं. आपल्या काळ्या पाषाणात सिलिका साधारण ५० टक्के असते, टोबाच्या राखेच्या काचेत ती ७५ टक्क्यांच्या आसपास.

हा फरक स्वयंपाकघरात दिसतो. पातळ आमटी कितीही खळखळली तरी बुडबुडे वर येऊन शांतपणे फुटतात. पिठलं रटरटायला लागलं की तोच बुडबुडा अडकतो, फुगतो आणि फटकन हातावर उडतो. दख्खनचा लाव्हा आमटीसारखा होता, भेगांतून वर आला आणि मैलोन्‌मैल पसरला. टोबाचा रस पिठल्यासारखा. त्यात वाफ कोंडत गेली आणि सुमारे ७४,००० वर्षांपूर्वी तिने वरचं छत फोडलं. बाहेर पडलेल्या मालाचा एक अंदाज २,८०० घन किलोमीटर आहे, तोही राखेतल्या पोकळ्या दाबून घट्ट खडक केला असं धरून. साडेआठशे उजनी म्हणा. गेल्या २० लाख वर्षांतल्या सर्वांत मोठ्या उद्रेकांत त्याची गणना होते.

खालचा रस निघून गेल्यावर वरच्या जमिनीला आधार उरला नाही आणि ती खचली. खचलेला खड्डा लांबीला सोलापूर ते भीमानगर एवढा. डोंगराच्या टोकावरचं विवर आणि हा खड्डा यात गल्लत होते. विवर म्हणजे नळीचं तोंड. हा खड्डा म्हणजे टाकी रिकामी झाल्यावर आत कोसळलेलं झाकण. त्याला कॅल्डेरा म्हणतात. टोबाची जागा ज्वालामुखीमुळे खचलेली आहे, हे डच भूशास्त्रज्ञ फान बेमेलेन यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ओळखलं. एवढं मोठं तोंड डोळ्यांना एकदम दिसत नाही. काठावर उभं राहिलं की समोर फक्त तळं आणि डोंगर दिसतात.

खड्ड्यात पाऊस साठत गेला. तळाशी गाळ बसू लागला, आणि त्या गाळात डायटम नावाच्या सूक्ष्म शैवालांची सिलिकाची कवचं. असा गाळ वाळला की खडूसारखा पांढुरका आणि हाताला हलका लागतो, नखाने खरवडला तर पापुद्रे सुटतात. एकेक पापुद्रा संथ पाण्यात बसलेला. वाहत्या नदीच्या गाळात इतके पातळ, सलग पापुद्रे टिकत नाहीत, म्हणून तळ्याचा गाळ ओळखणं अवघड नसतं. नेमका हाच गाळ आज समोसिरच्या पठारावर, पाण्याच्या शेकडो मीटर वर पसरलेला आहे. माशांच्या घरात बसलेली माती डोंगरमाथ्यावर सापडली, तर पाणी उतरलं किंवा जमीन चढली, दोनच शक्यता. टोबाचं पाणी एवढं उंच कधीच नव्हतं, ते काठ ओलांडून वाहून गेलं असतं. तेव्हा जमीनच चढली.

ती कधी चढली हेही काढता आलं. गाळात अडकलेल्या सेंद्रिय द्रव्यातला कार्बन-१४ दर ५,७३० वर्षांनी निम्मा होतो. माथ्यावरच्या गाळाचं वय सुमारे ३३,७०० वर्षं निघालं, म्हणजे मूळ कार्बन-१४ चा साधारण साठावा हिस्सा उरलेला. तोवर ही जागा पाण्याखाली होती. वेगवेगळ्या उंचीवरच्या गाळाची वयं जुळवल्यावर असं चित्र उभं राहिलं: त्यानंतरची पहिली सुमारे ११,००० वर्षं बेट वर्षाला जवळपास ४.९ सेंटिमीटरने वर आलं, आणि सुमारे २२,५०० वर्षांपूर्वीपासून वेग ०.७ सेंटिमीटरवर उतरला. पहिला वेग आपली नखं वाढतात त्याहून थोडा जास्त. दोन्ही मिळून उचल निदान ७०० मीटरची.

उचलणारा जोर खालून आला. उद्रेकात सगळा रस संपला नव्हता, उरलेल्या घट्ट रसाने खचलेल्या झाकणाला पुन्हा वर रेटलं. याला तव्यावरच्या भाकरीची उपमा देण्याचा मोह होतो, पण ती अर्धीच बरोबर आहे. भाकरी मध्ये फुगते. समोसिर पेटीच्या झाकणासारखं एका बाजूने उचललं गेलं. बिजागरी पश्चिमेला राहिली, पूर्वेची कड उघडली. म्हणून पूर्वेकडे पाण्यातून थेट कडे उभे आहेत आणि पश्चिमेकडे जमीन कलत कलत पाण्याला टेकते. शेतीला सोयीचा उतारही तिकडचाच.

बेटाच्या पठारावर सिदिहोनी नावाचं छोटं तळं आहे. सुमात्रा हे बेट, त्यात टोबा हे तळं, त्यात समोसिर हे बेट आणि त्यात हे तळं. भूगोलाच्या प्रश्नमंजूषेत विचारायला बरं आहे.

खाली अजून रस आहे का? आहे. भूकंपलहरींच्या अभ्यासात तो दिसतो, गरम पाण्याचे झरेही त्याची साक्ष देतात. पण टोबा लगेच फुटणार अशी कुठलीही लक्षणं नाहीत. जवळचा सिनाबुंग ज्वालामुखी काही शतकं गप्प राहून २०१० मध्ये जागा झाला, तेव्हा तिथल्या लोकांना खरी चिंता त्याची. ‘टोबामुळे माणूस नामशेष होता होता वाचला’ ही गोष्ट समाजमाध्यमांवर फार फिरते. ती जपूनच घ्यावी. आंध्रातल्या नंद्याळ (पूर्वीच्या कर्नूल) जिल्ह्यात ज्वालापुरम इथे टोबाच्या राखेचा अडीच मीटरचा थर आहे. त्याच्या खाली आणि वर दोन्हीकडे दगडी हत्यारं सापडली, आणि दोन्हींच्या घडणीत विशेष फरक नाही. माणसं संपली असती तर वरची हत्यारं कुणी केली?

अडीच मीटर ऐकून दचकू नका. आकाशातून थेट पडलेली राख काही सेंटिमीटरांचीच होती. पुढच्या पावसांनी ती उतारावरून धुवून खळग्यांत आणि नदीच्या वळणांवर नेली, म्हणून कुठे जाड थर मिळतो आणि कुठे काहीच नाही. आपल्याकडच्या बोरी-मोरगावच्या राखेबद्दल एक वाद मात्र जिवंत आहे. राख टोबाची, पण कुठल्या उद्रेकाची? टोबा त्याआधीही फुटला होता, त्यातला एक मोठा उद्रेक सुमारे ८ लाख वर्षांपूर्वीचा. काही अभ्यासक ७४,००० वर्षं म्हणतात, काहींची मोजणी ६ ते ८ लाखांकडे जाते. बोरीला राखेच्या सोबत अश्मयुगीन हातकुऱ्हाडी मिळाल्या आहेत, त्यामुळे उत्तर बदललं की त्या हत्यारांचं वयही दसपट बदलतं.

भीमेच्या, सीनेच्या काठी पांढरा थर दिसला की तो राखच असेल असं नाही. शंभरात नव्व्याण्णव वेळा ती चुनखडी असते. फरक ओळखायला थेंबभर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर पुरे. चुनखडीवर फस्सकन बुडबुडे येतात, राखेवर काही होत नाही. पण राख चुनखडीच्या पाण्याने भिजलेली असेल तर तीही फसफसते आणि इथेच माणूस फसतो. अशा वेळी चिमूटभर नमुना व्हिनेगरमध्ये रात्रभर ठेवायचा, वरचं पाणी ओतून दोन-तीनदा धुवायचा आणि उरलेला गाळ काचपट्टीवर घेऊन शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली १०० ते ४०० पट मोठा करून पाहायचा. नदीची वाळू गोलसर, मळकट दिसते. राख म्हणजे रंगहीन काचेचे बारीक तुकडे, कुणी वाकडे, कुणी इंग्रजी वायच्या आकाराचे, कडा धारदार. फुटलेल्या काचेच्या बांगड्या आठवतात. तो प्रत्येक तुकडा एकेका बुडबुड्याच्या भिंतीचा. दोन-तीन बुडबुडे जिथे चिकटलेले होते, तिथे वाय तयार झाला. नमुना चिमूटभरच घ्या. अशा जागा पुरातत्त्वाच्या दृष्टीने मोलाच्या असतात, उकरल्या की थराचा क्रम कायमचा जातो.

बेटावर राहतात ते टोबा बाताक लोक. त्यांच्या समजुतीनुसार त्यांचा आदिपुरुष सी राजा बाताक पश्चिम काठावरच्या पुसुक बुहित डोंगरावर राहिला. हा डोंगरही ज्वालामुखीचाच, कॅल्डेरा खचल्यानंतर वर आलेला. त्याच्या पायथ्याशी पांगुरुरानजवळ गंधकाच्या वासाचे गरम झरे आहेत. पांगुरुरान हे समोसिर जिल्ह्याचं मुख्य ठिकाण. हा जिल्हा २००३ मध्ये वेगळा झाला.

इथेच एक खोच आहे. काटेकोर बोलायचं तर समोसिर पूर्वी बेट नव्हतंच. पांगुरुरानपाशी जमिनीची अरुंद पट्टी त्याला सुमात्राशी जोडत होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला डचांनी तिथे कालवा खणला, तानो पोंगोल नावाचा, आणि द्वीपकल्पाचं बेट झालं. पूर्वेची कड उघडी, पश्चिमेची चिकटलेली, हे लक्षात असलं की पट्टी नेमकी पश्चिमेलाच का होती हे सांगावं लागत नाही. अलीकडे कालवा रुंद करून त्यावर मोठा पूल बांधला आहे.

मराठी माणसाला बाताकांच्या भाषेत ओळखीचे आवाज ऐकू येतात. झाडाच्या सालीवर लिहिलेल्या त्यांच्या पोथीला ‘पुस्तहा’ म्हणतात आणि देवाला ‘देबाता’. त्यांची जुनी लिपी ब्राह्मीच्याच कुळातली, म्हणजे मोडी-देवनागरीची दूरची नातलग. पंचांगातले वार आर्तिआ, सुमा, अंगारा, मुदा, बोरसपाती, सिंकोरा, सामिसारा. आदित्य, सोम, अंगारक, बुध, बृहस्पती, शुक्र, शनैश्चर ओळखायला वेळ लागत नाही. १९०७ मध्ये डचांनी त्यांचा राजा सिसिंगामंगाराजा बारावा याला मारलं आणि बाताक प्रदेश पूर्णपणे त्यांच्या हाती गेला. त्याआधीच जर्मन मिशनऱ्यांनी पाय रोवले होते. आज बहुतेक टोबा बाताक प्रोटेस्टंट ख्रिस्ती आहेत, पण घराण्याच्या दगडी समाध्या गावोगाव उभ्या आहेत. तोमोकला सिदाबुतार राजाची, आणि अंबारिताजवळच्या सियाल्लागान वस्तीत न्यायनिवाड्याचे दगडी आसनांचे कोंडाळे.

पेठेतल्या मागांचा खडखडाट ऐकत वाढलेल्यांनी उलोस जरूर पाहावं. हे बाताकांचं अंगावर घ्यायचं कापड. लग्नात, बाळंतपणात, मयताला, प्रत्येक प्रसंगाचं उलोस वेगळं. सोलापुरी चादर जकार्डवर निघते, उलोस कमरेच्या मागावर. बाई जमिनीवर बसते, ताण्याचं एक टोक समोर अडकवलेलं, दुसरं तिच्या पाठीमागून गेलेल्या पट्ट्याला. ताणा घट्ट ठेवायचा तो अंग मागे रेलून. अंग सैल पडलं की बाणा एकसारखा ठोकला जात नाही आणि कापडाच्या कडा नागमोडी होतात. हात पोचतील तेवढाच पन्हा निघतो. म्हणून रागिदुपसारखं मानाचं उलोस वेगवेगळे पट्टे विणून, शिवून जोडतात. बाजारात यंत्रमागावरचं स्वस्त उलोसही मिळतं. दोन्ही पन्ह्यांच्या मधली शिवण शोधा, हाताच्या कामाची ती एक खूण.

जायचं असेल तर हैदराबाद किंवा मुंबईहून क्वालालंपूर अथवा सिंगापूरमार्गे मेदान गाठायचं. भारतीयांना सध्या विमानतळावर पोचल्यावर ३० दिवसांचा व्हिसा मिळतो, शुल्क ५ लाख रुपिया. मेदानहून पूर्व काठावरच्या परापतला मोटारीने चार-पाच तास. तळ्याजवळ सिलांगित विमानतळही आहे. परापतहून तुकतुकला प्रवासी बोटी सुटतात, तासाभरात पोचवतात आणि सांगाल त्या लॉजच्या धक्क्यावर उतरवतात. गाडी न्यायची तर शेजारच्या अजिबाताहून तोमोकची फेरी. तुकतुक म्हणजे पूर्वेला पाण्यात घुसलेलं छोटं टोक, साधी-बरी लॉज तिथेच जास्त. भाड्याची दुचाकी मिळते, पण बेटाला पुरा वळसा घालायला अख्खा दिवस हाताशी ठेवा. ऑक्टोबर ते डिसेंबर पाऊस जास्त, मे ते सप्टेंबर बरा. सोलापूरच्या मे महिन्यातून गेलेल्याला तिथली हवा महाबळेश्वरसारखी वाटेल. स्वेटर असू द्या.

शाकाहाऱ्यांची थोडी पंचाईत होते. बाताक जेवणात डुकराचं मांस नेहमीचं. ‘तान्पा दागिंग’, म्हणजे मांसाशिवाय, हे दोन शब्द पाठ करून ठेवा आणि मासेही नकोत हे वेगळं सांगा. मासे खाणाऱ्यांनी आर्सिक चाखावं, हळदीत मुरवलेला मासा. त्यात अंदालिमान पडतं. कोकणातल्या बांगड्याच्या आमटीतल्या तिरफळाचं ते सख्खं चुलत भावंड, जिभेला तशाच मुंग्या येतात.

बोटीबद्दल मात्र गंभीरपणे सांगायला हवं. दुपारनंतर वारा उठतो आणि डोंगरांच्या फटींतून अचानक जोर धरतो. १८ जून २०१८ ला, ईदच्या सुट्टीत, सिमानिंदोहून तिगारासकडे निघालेली सिनार बांगुन ही बोट बुडाली. क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त माणसं आणि मोटारसायकली लादलेल्या, प्रवाशांची यादीच नव्हती. दीडशेहून अधिक माणसं गेली. बोट सुमारे ४५० मीटर खोलीवर सापडली, वर काढता आली नाही. आपल्याकडे मे २०२४ मध्ये कुगाव-कळाशी बोट उजनीत वादळी वाऱ्याने उलटली आणि सहा जण गेले. दोन्हीकडे धडा एकच: सकाळची बोट धरा, लाइफ जॅकेट हातात नको, अंगात घाला, आणि वरच्या मजल्यावर सामान चढत असेल तर पुढच्या बोटीची वाट पाहा. वजन वर गेलं की बोटीचा गुरुत्वमध्य वर जातो आणि एका लाटेने कललेली बोट पुन्हा सरळ होत नाही.

तळ्यावर ठिकठिकाणी तरंगते पिंजरे दिसतील. त्यांत तिलापिया वाढवतात, आपण ज्याला चिलापी म्हणतो आणि जी उजनीत इतर माशांना पुरून उरली आहे. २०१६ च्या मे महिन्यात उत्तर काठावरच्या हारांगाओलला पिंजऱ्यांतली हजाराहून अधिक टन मासळी काही दिवसांत मेली. विष कुणी घातलं नव्हतं. न खाल्लेलं खाद्य आणि विष्ठा खाली साचते, ती कुजताना खालच्या पाण्यातला प्राणवायू संपतो. एरवी गरम पाणी वर आणि थंड खाली असं झाकण बसलेलं असतं. ढगाळ, वाऱ्याचे दिवस आले की वरचं पाणी थंड होतं, झाकण मोडतं आणि खालचं निर्जीव पाणी वर येतं. मोकळा मासा दूर पळतो, पिंजऱ्यातल्याला पळायला जागा नसते. पहाटे मासे पृष्ठभागावर तोंड काढून हवा गिळायला लागले, तर त्याच तासाला खाद्य बंद करून पिंजरा खोल, वाहत्या पाण्याकडे ओढावा लागतो. तेव्हा खाद्य टाकत राहिलं, तर पचनासाठीही प्राणवायू लागतो आणि मरण लवकर येतं.

उन्हाळ्यात हिरवं पडणारं उजनीचं पाणी पाहिलेल्यांना हे नवं नाही. फरक वेळेचा आहे. उजनी उन्हाळ्यात मायनसमध्ये जाते आणि पावसाळ्यात पुन्हा भरते, जुनं बरंचसं पाणी वर्षा-दोन वर्षांत निघून जातं. टोबातून बाहेर पडायला आसाहान ही एकच नदी. तिच्यावरच्या सिगुरा-गुरा आणि तांगा केंद्रांची वीज ॲल्युमिनियमच्या कारखान्याला जाते. या एका तोंडाने तळ्यातलं पाणी एकदा पूर्ण बदलायला ७५ ते ८० वर्षं लागतात. तळाशी बसलेलं खाद्य तर या हिशोबातही धरलेलं नाही.